राज्य कुणावर?

वसईतल्या वालीव नाक्यावरून आत वळलं की गाळेच गाळे लागतात. प्लास्टिकच्या दाण्यांच्या गोण्या, पत्र्याची कात्रणं, पुठ्ठ्यांचे ढीग आणि कुठल्या तरी शटरमागून मधूनच चमकणारा वेल्डिंगचा निळा उजेड. संध्याकाळी पाळी सुटते. शेअर रिक्षा खच्चून भरून वसई स्टेशनकडे पळू लागतात आणि त्याच सुमारास दोन इस्टेटींमधल्या मोकळ्या तुकड्यात पोरं जमायला लागतात. कुणाचा बाप प्रेसवर, कुणाची आई पॅकिंगला. कुणी जव्हारकडचं, कुणी जळगावचं, कुणी जौनपूरचं, कुणी दरभंग्याचं, एखादं थेट नेपाळचं. पूर्वेला तुंगारेश्वरचा डोंगर काळपट होत जातो आणि डाव सुरू होतो.

सुरुवात ठरलेली. तिघं तिघं हातावर हात ठेवतात, एकदम तळवे पलटतात. दोघांचे सारखे आणि एकाचा वेगळा आला की तो वेगळा सुटला. याला चकणं म्हणतात. असं चकत चकत सगळे सुटतात, शेवटी एक उरतो, आणि त्याच्यावर राज्य येतं.

हा शब्द मी लहानपणापासून ऐकते आहे, पण त्यातलं नवल कळायला चाळिशी उलटावी लागली. मोठ्यांच्या जगात राज्य मिळवायचं असतं, त्यासाठी लढाया होतात. मुलांच्या मराठीत राज्य येतं, आणि येतं ते अंगावर येतं. ज्याच्यावर राज्य, त्याने डोळे झाकायचे, आकडे मोजायचे, सगळ्यांना शोधत धावायचं. बाकीचे खेळू शकतात ते त्याच्या धावण्यामुळे. त्यात मान नाही, नुसते कष्ट आहेत. शिवाय ते कायमचंही नाही. पुढच्या डावाला दुसऱ्यावर जाणार, हे सगळ्यांना माहीत असतं. लोकशाहीची इतकी नेमकी व्याख्या मला कुठल्याही नागरिकशास्त्राच्या पुस्तकात सापडलेली नाही.

आणि दुसरा शब्द, कच्चा लिंबू. आई कामावरून यायची असते, म्हणून आठ वर्षांची ताई तीन-चार वर्षांच्या भावाला कडेवर घेऊन खेळायला येते. त्याला वगळलं तर ताईलाही घरी बसावं लागेल, आणि खेळात घेतलं तर तो पहिल्या फेरीतच बाद होऊन रडेल. मुलांनी यावर तोड काढलेली आहे. तो खेळतो, पळतो, लपतो, किंचाळतो. पण पकडला गेला तरी त्याच्यावर राज्य येत नाही. सर्वांना एक नियम आणि ज्याचं बळ कमी त्याला सवलत, या दोन गोष्टी एकाच डावात नांदतात. हे कुणी मोठ्याने बसून शिकवलेलं नाही.

मुलांच्या खेळात नीतीची मुळं शोधावीत, हे फार गंभीरपणे सुचलं ते स्वित्झर्लंडच्या जाँ पियाजे या मानसशास्त्रज्ञाला. त्याचं मुलांच्या नैतिक विचारांवरचं पुस्तक १९३२ मध्ये आलं, आणि त्याची सुरुवात होते गोट्यांपासून. जिनिव्हा आणि न्यूशाटेलच्या मुलांबरोबर तो चक्क गोट्या खेळायला बसला. आपल्याला काहीच येत नाही असं दाखवून त्याने विचारलं: हा नियम कुणी केला? तो बदलता येईल का?

पाच-सहा वर्षांची मुलं म्हणाली, वडलांनी केला, देवाने केला; बदलता येणार नाही. दहा-अकरा वर्षांची मुलं म्हणाली, बदलता येईल की, सगळ्यांना पटलं पाहिजे फक्त. पण खरी गंमत पुढे आहे. नियम वरून आलेला आहे, तो बदलता येत नाही, असं म्हणणारी लहान मुलं प्रत्यक्ष खेळताना तो सर्रास मोडत होती आणि आपण मोडतोय हे त्यांच्या गावीही नव्हतं. नियम आपलाच आहे, आपण तो बदलू शकतो, असं म्हणणारी मोठी मुलं मात्र तो काटेकोर पाळत होती. पहिल्यांदा वाचताना मी हे वाक्य तीनदा वाचलं. नियम पाळला जातो तो त्याच्या पावित्र्यामुळे, असं आपण धरून चालतो. पियाजेला दिसलं ते उलट होतं. जो नियम करण्यात आपला हात असतो, तोच नियम हाताला बांधतो.

आता शाळेत येऊ. सकाळचा परिपाठ. पटांगणात रांगा, राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, सुविचार, बातम्या, बोधकथा. २६ जानेवारी २०२० पासून महाराष्ट्रातल्या शाळांत संविधानाच्या उद्देशिकेचं वाचनही परिपाठात आलं. या सगळ्याला घोकंपट्टी म्हणून हिणवणारे पुष्कळ आहेत. मी त्यांच्यात नाही. प्रतिज्ञेचीच गोष्ट घ्या. ती मूळ तेलुगूत लिहिली गेली, १९६२ मध्ये, आणि लिहिणारे पैडिमर्री वेंकट सुब्बाराव हे तेव्हा विशाखापट्टणमला जिल्हा कोषागार अधिकारी होते. ट्रेझरीतल्या एका माणसाने लिहिलेली छोटीशी शपथ साठ वर्षांनंतर वालीवच्या पटांगणात, मराठी शब्दांत, घरी भोजपुरी बोलणारं पोर हात पुढे करून म्हणतं. हा प्रवास थक्क करणाराच आहे. एकत्र उच्चारलेल्या शब्दांना ताकद असते. उद्देशिकेतला, रोज कानावर पडलेला ‘बंधुता’ हा शब्द पुढे कधी तरी अडचणीच्या वेळी आठवतो.

पण शब्द आठवणं आणि तसं वागणं यांत केवढं अंतर असतं, तेही मोजलं गेलं आहे. आपल्याकडे डी.एड.च्या वर्गात दहा मूल्यं पाठ करून घेत: वक्तशीरपणा, नीटनेटकेपणा, श्रमप्रतिष्ठा, संवेदनशीलता, सौजन्यशीलता, स्त्री-पुरुष समानता, सर्वधर्मसहिष्णुता, राष्ट्रीय एकात्मता, राष्ट्रभक्ती, वैज्ञानिक दृष्टिकोन. अमेरिकेतही १९२० च्या दशकात अशा याद्यांचा सुकाळ होता. तेव्हा ह्यू हार्टशॉर्न आणि मार्क मे या दोघांनी सुमारे ११ हजार मुलांना, त्यांच्या नकळत, लबाडी करण्याच्या साध्या साध्या संधी दिल्या. स्वतःचा पेपर स्वतः तपासायला दिला. डोळे मिटून करायच्या कामात डोळे किलकिले करता येतील अशी सोय ठेवली. कोड्याच्या डब्यात नाणी ठेवली. निष्कर्ष १९२८ ते १९३० च्या दरम्यान तीन खंडांत छापले गेले. बरोबर काय, हे मुलाला माहीत असणं आणि त्याने तसं वागणं, यांचा संबंध फार सैल निघाला. गणितात नक्कल न करणारं मूल खेळात लबाडी करत होतं, खेळात सचोटीचं मूल घरी खोटं बोलत होतं. आणि ज्या वर्गात सचोटीची हवा होती, त्या वर्गातली मुलं एकमेकांसारखीच सचोटीने वागत होती. म्हणजे प्रामाणिकपणा हा जितका मुलाचा गुण, तितकाच तो खोलीचाही गुण.

हा अभ्यास न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजात झाला. त्याच कोलंबियात १९१३ ते १९१६ या काळात भीमराव आंबेडकर नावाचा विद्यार्थी जॉन ड्युई या तत्त्वज्ञाच्या वर्गात बसत होता. या धाग्याकडे पुन्हा यायचं आहे.

खोलीचा गुण बदलतो कसा, हे मला समजलं ते वालीवजवळच्याच एका जिल्हा परिषद शाळेत. चौथीचा वर्ग, मार्च महिना. खोलीत पंखे दोन, त्यातला एक बंद. मुलं सतरंज्यांवर बसलेली. पंख्याखालच्या जागेवरून रोज सकाळी ढकलाढकली व्हायची. बाईंनी त्या दिवशी मुलांना गोल बसवलं आणि फळ्यावर एकच प्रश्न लिहिला: पंखा कुणाचा?

“जो आधी येईल त्याचा,” एक मुलगा लगेच म्हणाला. त्याचं घर शाळेला लागून होतं.

“मी भावाला अंगणवाडीत सोडून येते. मी कधीच आधी येणार नाही,” मागची मुलगी म्हणाली.

“रोल नंबर से कर दो,” तिसरा. त्यावर पहिल्या नंबरवाले खूश आणि शेवटचे नाराज.

मग चौघाचौघांच्या गटात कुजबुज झाली. बाईंनी हात वर केला. ज्याने ज्याने पाहिलं त्याने त्याने हात वर केला आणि ओरडावं न लागता वर्ग गप्प झाला. एका गटाने तोडगा आणला: सतरंजी तिथेच राहू दे, माणसं रोज एक रांग पुढे सरकतील. हात वर करून मतं घेतली, ठराव झाला. मला वाटलं, संपलं. तेवढ्यात एक मुलगी म्हणाली, “पण याला धाप लागते. याला रोज पंख्याखाली बसवू या.” कोपऱ्यातल्या एका बारीक मुलाकडे सगळ्यांनी पाहिलं. कुणी तरी म्हणालं, “हा कच्चा लिंबू!” वर्ग हसला.

त्या मुलाचं तोंड लाल झालं. “मी कच्चा लिंबू नाही,” तो म्हणाला.

या क्षणी बोलायचा मोह मलाच आवरत नव्हता. बाई मात्र भिंतीला टेकून, हात मागे बांधून उभ्या. त्यांनी पाण्याची बाटली उघडली, घोट घेतला, परत बंद केली. वर्गातली शांतता लांबत गेली. मग तो मुलगाच म्हणाला, “मी पण रांगेने सरकणार. मला धाप लागली की मी सांगेन.” आणि वहीच्या पाठीमागे नियम लिहिला गेला: ज्याला त्रास होतो त्याने सांगायचं, बाकीच्यांनी जागा द्यायची.

पुढे कितीतरी दिवस हे वाक्य माझ्या डोक्यात घोळत होतं. मदत तर मिळावी, पण मदत घेणाऱ्याची मान खाली जाऊ नये, हा सरकारांना आणि संस्थांना न सुटणारा पेच. चौथीच्या मुलांनी तो पंधरा मिनिटांत सोडवला, तोही ज्याला मदत लागणार होती त्याचं ऐकून.

मधल्या सुट्टीत बाई म्हणाल्या, “मी बोलले असते तर पाच मिनिटांत संपलं असतं. पण मग तो माझा नियम झाला असता. मी वर्गात असेपर्यंत चालला असता.”

बाईंनी गटात बसवणं, हात वर करून शांतता मागणं, मुलांकडून वर्गाचे नियम करून घेणं, या पद्धतीमागे महाराष्ट्रात एक मोठा उपक्रम झालेला आहे. शांतिलाल मुथ्था यांचं नाव अनेकांना आठवेल ते १९९३ च्या किल्लारी भूकंपामुळे. त्या वेळी त्यांच्या भारतीय जैन संघटनेने सुमारे १२०० मुलांना पुण्याला आणून त्यांच्या शिक्षणाची सोय केली होती. त्याच मुथ्थांच्या फाउंडेशनने २००९ मध्ये राज्य सरकारबरोबर बीड जिल्ह्यातल्या ५०० जिल्हा परिषद शाळांत ‘मूल्यवर्धन’ हा कार्यक्रम सुरू केला, आणि पुढे तो राज्यभराच्या सरकारी शाळांकडे नेला गेला. त्याचा पाया संविधानातली मूल्यं हा आहे: न्याय, स्वातंत्र्य, समानता, बंधुता. त्यातली मला सर्वांत मोठी वाटणारी गोष्ट फार साधी आहे. मुलं एकमेकांकडे तोंड करून बसतात. ओळीत बसलेल्या मुलाला वर्षभर पुढच्याची पाठ आणि मास्तरांचं तोंड दिसतं. गोलात बसलेल्या मुलाला, आपण बोलल्यावर समोरच्याच्या चेहऱ्यावर काय होतं, ते दिसतं.

बाईंचे ‘मी वर्गात असेपर्यंत’ हे शब्द ऐकून मला कुर्ट लेविन आठवला. हिटलर सत्तेवर आल्यावर १९३३ मध्ये जर्मनी सोडून अमेरिकेला गेलेला हा ज्यू मानसशास्त्रज्ञ. हुकूमशाही माणसांचं काय करते, हा प्रश्न त्याच्या अंगाला भिडलेला होता. त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी आयोवात दहा वर्षांच्या मुलांचे क्लब केले. काम मुखवटे बनवण्याचं वगैरे. काही क्लबांत मोठा माणूस नुसते हुकूम सोडायचा, काहींत मुलांशी बोलून ठरवायचा. काही आठवड्यांनी नेते बदलायचे. हुकमाखालची मुलं एक तर मरगळायची, नाही तर आपल्यातल्याच एखाद्याला धरून छळायची. आणि नेता खोलीबाहेर गेला की त्यांचं काम थांबायचं. बोलून ठरवणाऱ्या क्लबात नेता गेला तरी मुखवटे तयार होत राहायचे. हे १९३९ मध्ये छापून आलं.

वालीवच्या बाई पुढच्याच आठवड्यात बीएलओ म्हणून मतदारयादीच्या कामाला गेल्या होत्या. त्यांनी आल्यावर मला फोन केला. वर्गातल्या रांगा सरकत होत्या.

इथे एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. वसई-विरार महापालिका जुलै २००९ मध्ये स्थापन झाली. तिच्या निवडून आलेल्या सभागृहाची मुदत जून २०२० मध्ये संपली आणि नंतरची पाचहून अधिक वर्षं कारभार प्रशासकाकडे होता. म्हणजे २०२० साली पहिलीत गेलेल्या मुलाने प्राथमिक शाळा संपेपर्यंत आपल्या शहरात एकही नगरसेवक पाहिला नाही. शाळेतलं मंत्रिमंडळ, पाणीमंत्री, स्वच्छतामंत्री, परसबागेचा मंत्री, त्यासाठी चिठ्ठ्या टाकून घेतलेलं मतदान, ही त्याने जवळून पाहिलेली एकमेव स्थानिक निवडणूक. तिला खेळ म्हणून हसू नये.

आता मला ज्या प्रयोगाबद्दल सांगायची सगळ्यात घाई होती, त्याकडे येते. २०१५ मध्ये ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात पीटर ब्लेक, कॅथरिन मॅकऑलिफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक अभ्यास आला. सात देश: कॅनडा, अमेरिका, मेक्सिको, पेरू, सेनेगल, युगांडा आणि आपला भारत. ८६६ जोड्या, चार ते पंधरा वर्षांची मुलं. एका टेबलाच्या दोन बाजूंना दोन मुलं बसवायची, दोघांच्या पुढे तबक, तबकात गोळ्या. दोघांपैकी एकाच्या हातात दोन दांडे, हिरवा आणि लाल. हिरवा ओढला की तबकं बाहेरच्या बाजूला कलतात आणि ज्याच्या त्याच्या गोळ्या ज्याला त्याला मिळतात. लाल ओढला की सगळ्या गोळ्या मधल्या भांड्यात पडतात, कुणालाच काही मिळत नाही.

पहिला डाव: दांडेवाल्याला एक गोळी, समोरच्याला चार. वय वाढत गेलं तशी सातही देशांतली मुलं लाल दांडा ओढू लागली. माझ्या एका गोळीवर पाणी सोडीन, पण हा अन्याय चालवून घेणार नाही. याचं आश्चर्य कुणाही आईला वाटणार नाही. भावाच्या वाटीतला शिरा मोजून पाहणारी मुलं आपण सगळ्यांनी वाढवली आहेत.

दुसरा डाव उलटा: दांडेवाल्याला चार, समोरच्याला एक. इथे तीनच देशांतल्या मोठ्या मुलांनी लाल दांडा ओढला: कॅनडा, अमेरिका आणि युगांडा. आपल्याला जास्त मिळतंय आणि तेही नको, असं म्हणणारी मुलं बाकीच्या चार देशांत या प्रयोगात दिसली नाहीत. भारत त्या चारांतला.

यावरून आपल्या मुलांना कमी लेखण्याचं कारण नाही. मला तर वाटतं, आपल्या घरातलं पोर लाल दांडा ओढायला बिचकेल ते वेगळ्याच कारणाने: खाण्याची वस्तू फुकट घालवायची नाही, हे त्याच्या अंगात मुरलेलं असतं. ते चारही गोळ्या घेईल आणि बाहेर येऊन समोरच्याला दोन देईल. असं करताना मी मुलांना पाहिलेलं आहे. त्या टेबलावर वाटून खायला दांडा नव्हता.

तरीही या प्रयोगाने एक गोष्ट लख्ख दाखवली, आणि ती मला हलवून गेली. ‘मला कमी का?’ आणि ‘त्याला कमी का?’ हे ऐकायला एकाच प्रश्नाचे दोन अर्धे वाटतात. पण पहिला अर्धा सगळीकडे आपोआप उगवतो. दुसरा कुठे उगवतो, कुठे नाही, कुठे उशिरा. तो भोवतालावर अवलंबून असतो. म्हणजेच तो लावावा लागतो, रोपासारखा.

इथे कोलंबियाचा तो धागा पुन्हा हाती येतो. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी संविधान सभेत मसुदा मांडला. त्या भाषणात त्यांनी ग्रीसचा इतिहास लिहिणाऱ्या जॉर्ज ग्रोट याचा आधार घेऊन ‘संवैधानिक नैतिकता’ ही कल्पना समजावली आणि बजावलं की ही भावना माणसात निसर्गतः नसते, ती जोपासावी लागते. आपल्या लोकांना ती अजून शिकायची आहे. लोकशाही हा इथल्या मातीवर वरून पसरलेला थर आहे, असंही ते म्हणाले. ड्युईच्या वर्गात बसलेल्या या माणसाच्या लेखी लोकशाही म्हणजे नुसती राज्यपद्धती नव्हती, ती एकमेकांबरोबर जगण्याची रीत होती. गोळ्यांचं टेबल आणि लाल-हिरवे दांडे यायला अजून सदुसष्ट वर्षं होती. बाबासाहेबांना ते टेबल लागलं नाही. ‘त्याला कमी का?’ हा प्रश्न ज्यांना शतकानुशतकं पडला नाही, त्यांच्यामध्ये राहून ते वाढले होते. शाळेत वेगळं बसवलेलं, पाण्याला हात लावू न दिलेलं मूल हे गणित प्रयोगाशिवाय जाणतं.

हा दुसरा प्रश्न शाळेनेच स्वतःला विचारला तर काय होतं, याचं उदाहरण आमच्याच पालघर जिल्ह्यात आहे. विरारहून डहाणू लोकल पकडायची, डहाणूला उतरायचं, तिथून कोसबाडची टेकडी. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केलं आणि पुढे ते काम कोसबाडला नेलं. बरोबर अनुताई वाघ. वारली मुलं शाळेत येत नव्हती. ‘ही मुलं शाळेत का येत नाहीत?’ असं विचारलं असतं तर दोष मुलांवर गेला असता. या दोघींनी विचारलं, शाळा तिथे का जात नाही? मग बालवाडी पाड्यावरच्या अंगणात भरली, तिचं नाव अंगणवाडी झालं. पुढे १९७५ मध्ये सुरू झालेल्या सरकारी योजनेमुळे तो शब्द देशभर गेला. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणातच शाळा भरली, ती कुरणशाळा. मॉन्टेसरीची महागडी साधनं परवडणारी नव्हती, तर शंख, बिया, पानं, खडे मोजायला आले. मुलांना नहाण घालण्यापासून, केस विंचरण्यापासून दिवस सुरू व्हायचा, आणि हातात छडी नव्हती.

पुढे १९९० च्या दशकात आमच्या वसई तालुक्यातल्या उसगावच्या विधायक संसद या संस्थेने वीटभट्ट्यांवर भोंगाशाळा काढल्या. भोंगा म्हणजे भट्टीवरच्या मजुराची गवता-पेंढ्याची झोपडी. दिवाळीनंतर जव्हार-मोखाड्याकडची कुटुंबं भट्टीवर यायची आणि मुलांची शाळा सुटायची. मग शाळेनेही तसाच भोंगा बांधला, मुलांच्या शेजारी.

या शाळांत समानतेचा वेगळा तास असण्याची गरज नव्हती. आपल्यासाठी कुणी तरी चालत आलं आहे, हे ज्या मुलाला पाचव्या वर्षी कळतं, त्याला तो शब्द नंतर वाचताना अडत नाही. आणि उलटही खरं आहे. समानतेवर निबंध लिहायला सांगून उशिरा आलेल्या मुलाला उन्हात उभं केलं, तर त्याला त्या दिवशी दोन धडे मिळतात आणि लक्षात राहतो तो उन्हातला. मुलांना शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ यांना शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने बंदी घातली आहे, एप्रिल २०१० पासून. मूल्यशिक्षणाचं सर्वांत पहिलं पान मला विचाराल तर ते कलम आहे.

परवा त्या इस्टेटीजवळून जाताना पुन्हा थांबले. वॉचमनची मुलगी, नेपाळची, दिवाळीनंतर आलेली. ती सहा-सात वर्षांची असेल. आली तेव्हा मराठी नाही, हिंदी तुटकं. चकणं म्हणजे काय ते कळेना. मुलांनी तिला कच्चा लिंबू करून घेतलं होतं. तेव्हापासून ती रोज सगळ्यांच्या मागे पळायची आणि कुणी तिला पकडलं की हसून सोडून द्यायचं.

परवा तिला एकाने शिवलं आणि तो सवयीने पुढे पळाला. ती जागेवरच थांबली. दोन्ही हात कमरेवर.

“मी कच्ची नाही,” ती म्हणाली. मराठीत.

खेळ थांबला. मुलं जमली, थोडा वेळ वाद झाला. एकाचं म्हणणं, अजून लहान आहे. दुसऱ्याचं म्हणणं, ती म्हणते ना. मग सगळ्यात मोठ्या मुलीने निकाल दिला: “चल, तुझ्यावर राज्य.”

ती पोरगी गेटच्या खांबाशी गेली, तोंड भिंतीकडे केलं, डोळ्यांवर हात घेतले. गोण्यांमागे, टेम्पोखाली, पाण्याच्या टाकीआड पोरं पसार झाली. आणि ती मोठ्याने मोजू लागली: एक, दुई, तीन, चार...